तीन महिन्यांत नाच शिकली, सहा दशकं गाजवली

कॅलिफोर्नियातल्या बरबँक गावात १९४८ साली सौंदर्यस्पर्धा भरली. भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलीला एक ब्लाऊज आणि एक स्कार्फ फुकट मिळणार होता. मेरी फ्रान्सिस रेनॉल्ड्स या सोळा वर्षांच्या मुलीने नाव नोंदवलं ते त्या ब्लाऊजसाठी. वडील रेल्वेत सुतार, आई लोकांचे कपडे धुऊन चार पैसे जोडणारी. अशा घरात कोरा ब्लाऊज ही मोठी गोष्ट होती. स्पर्धेत काहीतरी करून दाखवायचं होतं, म्हणून तिने बेटी हटन या लोकप्रिय विनोदी गायिकेची तबकडी लावली, गाण्यावर ओठ हलवले, हातवारे केले, डोळे फिरवले आणि 'मिस बरबँक' होऊन घरी आली.

स्पर्धेला वॉर्नर ब्रदर्स आणि एमजीएम या दोन स्टुडिओंची माणसं नवे चेहरे शोधायला आली होती. दोघांनाही तीच पोरगी हवी होती. मग त्यांनी नाणं उडवलं! वॉर्नरचा कौल लागला आणि आठवड्याला ६५ डॉलर पगारावर मेरी फ्रान्सिस सिनेमात शिरली. स्टुडिओचे मालक जॅक वॉर्नर यांनी तिचं नाव बदलून 'डेबी' केलं. तिला ते मुळीच आवडलं नव्हतं. पुढे जगाने मात्र तिला डेबी रेनॉल्ड्स म्हणूनच डोक्यावर घेतलं.

तिच्याबद्दल लिहावं तेवढं थोडं आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्या सिनेमांपेक्षा तिचं आयुष्य जास्त चित्तथरारक आहे. नाच येत नव्हता, गाण्याचं शिक्षण नव्हतं, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. हातात होती ती फक्त मेहनत. त्या मेहनतीच्या बळावर ती कुठून कुठे गेली, ते पाहू.

ससे, शिंग आणि स्काउट

डेबीचा जन्म १ एप्रिल १९३२ रोजी टेक्सासमधल्या एल पासो इथला. महामंदीचे दिवस. वडील वाळवंटात जाऊन ससे मारून आणायचे म्हणून घरात खायला असायचं, असं ती पुढे सांगायची, आणि ते सांगताना कधी रडगाणं गायची नाही. ती सात वर्षांची असताना कुटुंब बरबँकला आलं. घरची माणसं नाझरीन या ख्रिस्ती पंथाची, अगदी कडक. सिनेमा पाहणंही त्या मंडळींना पसंत नसे. त्याच घरातली मुलगी सिनेमात गेली.

शाळेत असताना ती फ्रेंच हॉर्न वाजवायची. हे पितळी वाद्य वाजवायला फुप्फुसं दमदार लागतात, आणि तिची होती. गर्ल स्काउट म्हणून बिल्ल्यांवर बिल्ले मिळवायची. तिचं स्वप्न होतं व्यायामशिक्षिका व्हायचं. स्काउटपण तर तिने कधीच सोडलं नाही. जगातली सर्वांत म्हातारी गर्ल स्काउट म्हणून मरायला आपल्याला आवडेल, असं ती म्हणत असे.

माकडांचं गाणं

वॉर्नरकडे फार काही घडलं नाही. एमजीएमने तिला आपल्याकडे घेतलं आणि १९५० साली 'थ्री लिटल वर्ड्स'मध्ये हेलन केन या जुन्या गायिकेची छोटी भूमिका दिली. गंमत अशी की पडद्यावर ओठ डेबीचे आणि आवाज खुद्द हेलन केनचा. बरबँकच्या स्पर्धेत केलं होतं तेच काम, फक्त आता पगारी.

त्याच वर्षी 'टू वीक्स विथ लव्ह' आला. त्यात कार्लटन कार्पेंटर या उंचच उंच नटासोबत तिने 'अबा डाबा हनिमून' हे गाणं म्हटलं. गाणं १९१४ सालचं, एका माकडाच्या आणि चिंपांझीच्या प्रेमाचं, आणि इतक्या वेगाचं की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. ही तबकडी दहा लाखांवर खपली. डेबी तेव्हा विशीतही पोचली नव्हती.

पियानोखाली कोण रडतंय?

आता येतो तो सिनेमा. 'सिंगिंग इन द रेन'. चित्रीकरण १९५१ सालचं, प्रदर्शन १९५२ चं. एका बाजूला जीन केली, वय ३८ च्या पुढे, नट, नर्तक आणि स्टॅन्ली डोनन यांच्यासोबत सहदिग्दर्शकही. दुसऱ्या बाजूला डोनाल्ड ओ'कॉनर, जो चालायला लागला तोच फिरत्या नाटकमंडळींच्या रंगमंचावर. आणि या दोन कसलेल्या गड्यांच्या मधोमध १९ वर्षांची डेबी, जिला टॅप डान्सचा गंधही नव्हता.

तिला तयारीला मिळाले तीन महिने. रोज तासन्‌तास तालीम. राहायला अजून आईवडिलांकडे, बरबँकलाच. पहाटे उठून तीन बस बदलून ती स्टुडिओत पोचायची, आणि कधी कधी परत जायचा ताण नको म्हणून सेटवरच झोपायची. केलींचा कारभार शिस्तीचा आणि त्यांची जीभ धारदार. एकदा इतकं बोलले की ती तालमीच्या खोलीतून पळाली आणि दुसऱ्या एका खोलीत पियानोखाली बसून रडू लागली.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, काय झालं? तिने मान वर केली, तर समोर फ्रेड अस्टेअर! ज्याच्या पायांना अख्खं हॉलिवूड वंदन करायचं, तो माणूस. अस्टेअरने तिला पोकळ धीर दिला नाही. त्याने तिला आपली तालीम पाहायला बोलावलं. हे आमंत्रण मिळणं म्हणजे काय, ते कळायला एक गोष्ट माहीत हवी: अस्टेअर तालमीच्या वेळी बाहेरच्या कोणालाही आत येऊ देत नसे. तिथे बसून डेबीने पाहिलं की तोही घामाघूम होतो, तोही चुकतो, तोही चिडतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ती उठली आणि आपल्या तालमीला परत गेली. मला हा प्रसंग त्या सिनेमातल्या कुठल्याही दृश्याइतकाच मोलाचा वाटतो. मोठ्या कलावंताने धाकट्याला द्यायची याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

केलींनी पुढे आपण तिच्याशी फार कठोरपणे वागलो हे मान्य केलं, आणि तिनेही त्यांच्याकडून आपण किती शिकलो ते जन्मभर सांगितलं.

'गुड मॉर्निंग' नावाचा दिवस

त्या सिनेमात 'गुड मॉर्निंग' हे गाणं आहे. तिघं रात्रभर गप्पा मारतात, बाहेर पाऊस, आणि पहाटेच्या उत्साहात घरभर नाचत सुटतात. स्वयंपाकघर, जिना, रेनकोट, शेवटी सोफा उलटा करून धाडकन खाली. पाहताना वाटतं, काय मजा आली असेल यांना!

चित्रीकरण सकाळी आठला सुरू झालं आणि रात्री अकराला संपलं. डेबीच्या पायांतून रक्त आलं होतं आणि तिला उचलून न्यावं लागलं. बाळंतपण आणि 'सिंगिंग इन द रेन' या आयुष्यातल्या दोन सर्वांत अवघड गोष्टी, असं ती म्हणायची. आता ते गाणं पुन्हा पाहा. तिघांच्या पावलांत कुठे फरक सापडतो का, बघा. मी पुष्कळदा शोधलाय. तिचा चेहरा इतका आनंदी असतो की नजर पायांवर टिकतच नाही, आणि टिकवली तरी पाय बरोबर पडलेले असतात.

आणखी थोडी फोडणी: सिनेमातली बहुतेक गाणी नवी नव्हतीच. निर्माते आर्थर फ्रीड स्वतः गीतकार. त्यांनी आणि संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राऊन यांनी पूर्वी केलेली गाणी पेटाऱ्यात पडून होती. बेटी कॉम्डेन आणि अॅडॉल्फ ग्रीन या लेखकजोडीला सांगितलं गेलं की या गाण्यांभोवती एक कथा गुंफा. शीर्षकगीत १९२९ सालचं, तर 'गुड मॉर्निंग' १९३९ च्या एका सिनेमातलं. जुन्या गाण्यांचा हा सिनेमा अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००६ साली काढलेल्या सर्वोत्तम संगीतपटांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसला. आणि ऑस्कर? दोन नामांकनं, पुरस्कार एकही नाही.

आवाज नेमका कोणाचा?

या सिनेमाची कथा आठवतेय? मूकपटांचा जमाना संपून बोलपट आलेत. लीना लॅमाँट ही बडी तारका दिसायला देखणी, पण आवाज कर्कश. म्हणून कॅथी सेल्डन नावाच्या नवख्या मुलीचा आवाज लीनाच्या तोंडी घालतात. कॅथी म्हणजे आपली डेबी, आणि लीना म्हणजे जीन हेगन.

आता पडद्यामागे काय झालं ते ऐका. कॅथी लीनासाठी संवाद म्हणते त्या दृश्यात ऐकू येणारा गोड, भारदस्त आवाज डेबीचा नाहीच. तो जीन हेगनचा स्वतःचा खरा आवाज! म्हणजे ज्या बाईला कर्कश आवाजाची दाखवलंय, तिनेच आपल्याला आवाज देणाऱ्या मुलीला आवाज दिला. आणि कॅथी लीनासाठी 'वुड यू' हे गाणं गाते, तिथे गळा आहे बेटी नॉइस या गायिकेचा. दुसऱ्याच्या आवाजावर नाव कमावणं किती चुकीचं, हे सांगणाऱ्या या सिनेमाच्या श्रेयनामावलीत बेटी नॉइसचं नाव कुठेही नाही.

आपल्याकडे पार्श्वगायन ही उघड गोष्ट. तरी तीही एका दिवसात उघड झाली नव्हती. 'महल' १९४९ साली आला तेव्हा त्यातल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! पुढे आपल्या गायक-गायिकांनी आपलं नाव मिळवलं, आणि ते नटनट्यांइतकं मोठं झालं. हॉलिवूडच्या पडद्यामागच्या गळ्यांना मात्र तशी ओळख फार उशिरा मिळाली, काहींना मिळालीच नाही.

डेबीचा स्वतःचा आवाज वाईट होता असं समजू नका. 'गुड मॉर्निंग'मध्ये तीच गाते. आणि १९५७ साली 'टॅमी अँड द बॅचलर' या सिनेमातलं 'टॅमी' हे शांत, हळुवार गाणं तिने स्वतःच्या गळ्याने म्हटलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एल्विस प्रेस्लीचा डंका वाजत असतानाची ही गोष्ट. दुसऱ्यांच्या तबकडीवर ओठ हलवून सुरुवात केलेल्या मुलीची तबकडी आता घरोघरी वाजत होती.

अमेरिकेचं लाडकं जोडपं, आणि मग

गायक एडी फिशर आणि डेबी यांचं लग्न १९५५ साली झालं. वर्तमानपत्रांना त्यांचे फोटो छापून कंटाळा येईना. मुलगी कॅरी १९५६ ची, मुलगा टॉड १९५८ चा. मुलाचं नाव ठेवलं एडीचा जिवलग मित्र, निर्माता माइक टॉड याच्यावरून. माइकची बायको होती एलिझाबेथ टेलर. दोन्ही जोडप्यांचं इतकं मेतकूट की माइक-एलिझाबेथच्या लग्नात एडी आणि डेबी दोघंही पाठराखणीला होते.

मार्च १९५८ मध्ये माइक टॉड विमान अपघातात गेला. डेबीने एलिझाबेथची मुलं आपल्या घरी आणून सांभाळली. एडी एलिझाबेथच्या सांत्वनाला गेला आणि तिकडचाच झाला.

डेबीला ते कळलं कसं, त्याची हकिकत तिनेच सांगून ठेवली आहे. न्यूयॉर्कला गेलेला एडी फोन उचलेना. तेव्हा तिने एलिझाबेथच्या खोलीवर फोन लावला आणि आवाज बदलून, डीन मार्टिन यांचा एडी फिशरसाठी फोन आहे, असं सांगितलं. नकला करण्यात ती पहिल्यापासून पटाईत. पलीकडून एडीच बोलायला आला.

घटस्फोट झाला आणि १९५९ साली एडी-एलिझाबेथचं लग्नही झालं. काही वर्षांतच 'क्लिओपात्रा'च्या सेटवर एलिझाबेथला रिचर्ड बर्टन हा नट भेटला आणि एडी मागे पडला. डेबीने मात्र डूख धरला नाही. साठच्या दशकात दोघी योगायोगाने एकाच जहाजावर होत्या. चिठ्ठ्यांची देवाणघेवाण झाली, एकत्र जेवल्या, हसल्या, आणि झालं गेलं समुद्राला मिळालं. एवढ्यावर थांबलं नाही. २००१ साली 'दीज ओल्ड ब्रॉड्स' या टीव्ही-सिनेमात दोघींनी एकत्र काम केलं. त्यात एलिझाबेथचं पात्र डेबीच्या पात्राची नवरा पळवल्याबद्दल माफी मागतं. कथा लिहिणाऱ्यांत कोण होतं? कॅरी फिशर, म्हणजे त्याच नवऱ्याची आणि डेबीची मुलगी! आणि एलिझाबेथ टेलरचं हे अभिनयातलं शेवटचं मोठं काम ठरलं.

भूमिका किती बुटकी आहे?

'टायटॅनिक' सिनेमातली ती ठसकेबाज, नवश्रीमंत बाई आठवते? कॅथी बेट्सने केलेली. ती खरीखुरी होती: मार्गारेट ब्राऊन. जहाज बुडालं, ती वाचली, नावेत बसून इतरांना धीर देत राहिली. तिच्यावर 'द अनसिंकेबल मॉली ब्राऊन' हे संगीतनाटक आलं आणि १९६४ साली सिनेमा. (हयातीत तिला कोणी मॉली म्हणत नसे. ते नाव नंतरच्यांनी चिकटवलं.)

दिग्दर्शक चार्ल्स वॉल्टर्स यांना या भूमिकेत शर्ली मॅक्लेन हवी होती. ते डेबीला म्हणाले, तू या भूमिकेसाठी फार बुटकी आहेस. डेबीने विचारलं, भूमिका किती बुटकी आहे? या एका प्रश्नासाठी तरी तिला भूमिका द्यायला हवी होती, आणि मिळालीच. उड्या, कोलांट्या, मारामारी, नाच, सगळं तिने असं झपाटून केलं की ऑस्करचं नामांकन चालत आलं. पुरस्कार त्या वर्षी 'मेरी पॉपिन्स'साठी ज्युली अँड्र्यूजने नेला. ऑस्करच्या नामांकनाचा हा डेबीच्या आयुष्यातला एकमेव प्रसंग.

त्याआधी 'हाऊ द वेस्ट वॉज वन' (१९६२) या अवाढव्य सिनेमात ती तरुण मुलीपासून नव्वदीच्या आजीपर्यंत वाढत जाते. पुढे १९६९ साली एनबीसी या टीव्ही वाहिनीवर तिच्या नावाने मालिका सुरू झाली. मधल्या जाहिरातींत सिगारेट दिसली आणि डेबीने उघड विरोध केला. मालिका एका हंगामात आटोपली. त्या काळात तंबाखू कंपन्यांच्या पैशांवर टीव्ही चालायचा, हे ध्यानात घेतलं म्हणजे तिची हिंमत कळते.

दुसरा नवरा हॅरी कार्ल हा चपला-बुटांचा मोठा व्यापारी. तो जुगारात स्वतःचे पैसे हरला, आणि तिचेही. लाखो डॉलर कमावलेली नटी काही काळ मोटारीत झोपली. मग उठली आणि ब्रॉडवेवर गेली. 'आयरीन' हे संगीतनाटक १९७३ साली आलं, त्याने न्यूयॉर्कच्या मिन्स्कॉफ या नव्याकोऱ्या नाट्यगृहाचा पडदा पहिल्यांदा वर गेला आणि डेबीला टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं. समूहगानातल्या मुलींमध्ये कॅरीही उभी होती, सोळा वर्षांची.

त्याच वर्षी 'शार्लट्स वेब' या कार्टूनपटात कोळिणीला आवाज डेबीचा. मरणाऱ्या कोळिणीचं गाणं ऐकून रडलेली मुलं आज साठीच्या घरात असतील.

स्टुडिओने फेकलं, तिने झेललं

आता मला तिच्या ज्या कामाबद्दल सर्वांत जास्त आदर आहे, त्याकडे येते.

एमजीएम १९६९ साली कर्क केर्कोरियन या उद्योगपतीच्या हाती गेलं. त्याला सिनेमांपेक्षा जमिनी आणि हॉटेलं जवळची. गोदामं रिकामी करायचं ठरलं. चाळीस-पन्नास वर्षांचे कपडे, टोप्या, जोडे, खुर्च्या, पडदे, सगळं १५ लाख डॉलरला डेव्हिड वाइझ या लिलाववाल्याला एकगठ्ठा विकलं. १९७० च्या मे महिन्यात लिलाव पुकारले गेले. 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधले ज्यूडी गारलंडचे लाल जोडे १५ हजार डॉलरला गेले. संगीताची हस्तलिखितं तर लिलावापर्यंतही पोचली नाहीत. ती कचऱ्यात गेली, भरावात गाडली गेली. पुढे जॉन विल्सन या इंग्लंडच्या संगीत-संचालकाने सिनेमे ऐकून ऐकून, एकेक वाद्य वेगळं करत ते स्वरलेखन पुन्हा उभं केलं.

डेबीने कर्ज काढलं आणि लिलावाला जाऊन बसली. दिवसचे दिवस ती बोली लावत राहिली. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने आपली गोदामं उघडली, तेव्हा तिथेही गेली. मर्लिन मन्रोचा 'द सेव्हन इयर इच'मधला, भुयारी रेल्वेच्या जाळीवर उडणारा पांढरा पोशाख तिच्याकडे आला. चार्ली चॅप्लिनची टोपी. विनोदी नट हार्पो मार्क्सची टोपी आणि केसांचा टोप. ऑड्री हेपबर्नचा 'माय फेअर लेडी'तला काळा-पांढरा शर्यतीचा पोशाख. आणि एलिझाबेथ टेलरचा 'क्लिओपात्रा'तला शिरपेच! जिच्यापायी आपला संसार मोडला, तिचा मुकुटही तिने जपला, कारण तिच्या लेखी तो सिनेमाच्या इतिहासाचा तुकडा होता.

हे सगळं तिने स्वतःच्या घरी मिरवायला घेतलं नव्हतं. तिला संग्रहालय उभारायचं होतं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडे ती पुन्हा पुन्हा गेली. अकादमीने पुन्हा पुन्हा नकार दिला. मग तिने स्वतःच लास व्हेगासमध्ये हॉटेल काढलं, त्यात संग्रहालय मांडलं, रात्री त्याच हॉटेलात स्वतः गायली-नाचली. हॉटेल १९९७ साली दिवाळखोरीत गेलं आणि पुढच्या वर्षी विकत घेतलं ते कुस्त्यांचे कार्यक्रम करणाऱ्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने. दुसऱ्या एका संग्रहालयाची योजना कागदावरून जमिनीवर येता येता बारगळली. कर्जं डोक्यावर चढली. शेवटी १८ जून २०११ रोजी लिलाव करावा लागला.

मर्लिनचा पोशाख ४६ लाख डॉलरला गेला, तोही वरचं कमिशन सोडून. ऑड्रीचा ३७ लाखांना. एका दिवसात दोन कोटी डॉलरच्या वर विक्री झाली. ज्या वस्तूंना स्टुडिओने भंगारात काढलं होतं, त्यांची खरी किंमत चाळीस वर्षांनी जगाला कळली. डेबीला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. लिलाव सुरू असताना ती रडली. पैसे आले, कर्ज फिटलं, पण आयुष्यभर एकत्र ठेवलेला संग्रह जगभर विखुरला, हे दुःख कोणत्याही आकड्याने भरून निघणारं नव्हतं. मला अजून वाटतं की अकादमीने एकदा तरी होकार द्यायला हवा होता. लॉस एंजेलिसमध्ये अकादमीचं संग्रहालय अखेर २०२१ साली उघडलं. तिथे वस्तूंची डागडुजी करून त्या टिकवण्याचा जो विभाग आहे, त्याला डेबी रेनॉल्ड्सचं नाव दिलं आहे.

माय-लेकी, शेजारणी

कॅरी फिशर १९७७ साली 'स्टार वॉर्स'ची राजकन्या लेया झाली आणि डेबीला लोक 'लेयाची आई' म्हणू लागले. माय-लेकींचं सरळ नव्हतं. कॅरी मानसिक आजाराशी आणि व्यसनाशी झगडत होती आणि दोघींमध्ये अनेक वर्षं अबोला होता. 'पोस्टकार्ड्स फ्रॉम द एज' ही कॅरीची कादंबरी या नात्यावरच बेतलेली. तिच्यावर १९९० साली सिनेमा निघाला, तेव्हा आईची भूमिका आपल्याला मिळावी असं डेबीला वाटलं. दिग्दर्शक माइक निकोल्स यांच्या मते ती त्या भूमिकेत बसत नव्हती! भूमिका गेली शर्ली मॅक्लेनकडे. मॉली ब्राऊनची अशी फिट्टंफाट झाली.

पुढे अबोला सरला. दोघी बेव्हर्ली हिल्समध्ये शेजारशेजारी राहू लागल्या, दोन घरांना येण्याजाण्याची वाट एकच. मानसिक आरोग्याशी डेबीचा संबंध मात्र लेकीच्या आजाराच्या कितीतरी आधीपासूनचा. १९५५ साली हॉलिवूडच्या तरुण कलाकारांनी 'द थेलियन्स' ही संस्था काढली. मनोरुग्णांविषयी बोलायलाही लोक बिचकायचे, असा तो काळ. डेबी दशकानुदशकं तिची अध्यक्ष होती, आणि त्या कामासाठी २०१५ साली तिला अकादमीचा जीन हर्शोल्ट मानवसेवा पुरस्कार मिळाला. ऑस्करची बाहुली अखेर आली ती या वाटेने. प्रकृती बरी नव्हती म्हणून ती नातीने, बिली लूर्डने स्वीकारली. त्याच वर्षी नटनट्यांच्या संघटनेचा जीवनगौरवही मिळाला, आणि तो कॅरीच्या हातून.

२७ डिसेंबर २०१६ रोजी कॅरी गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या अंत्यविधीची आखणी चालू असतानाच डेबीला पक्षाघाताचा झटका आला आणि तीही गेली. वय ८४. कॅरीच्या अस्थी प्रोझॅक या नैराश्यावरच्या गोळीच्या आकाराच्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवल्या होत्या. ते भांडं कॅरीच्या फार आवडत्या वस्तूंपैकी एक. काही अस्थी आईसोबत विसावल्या.

आजी नावाची चेटकीण

उतारवयात डेबीने जे केलं, त्याची यादी वाचून दम लागतो. ऐंशीच्या दशकात व्यायामाची व्हिडिओ कॅसेट काढली. व्यायामशिक्षिका व्हायचं राहिलं होतं ना! त्यात मागे व्यायाम करणाऱ्यांत शेली विंटर्ससारख्या प्रौढ नट्या. 'मदर' (१९९६) या सिनेमात घरी परतलेल्या चाळिशीच्या मुलाला सळो की पळो करणारी आई झाली आणि गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळवलं. 'विल अँड ग्रेस' मालिकेत ग्रेसची गाणारी, नाचणारी, जिथे जाईल तिथे रंगमंच करणारी आई झाली आणि एमी या टीव्ही-पुरस्काराचं नामांकन मिळवलं. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस'च्या डिस्नेने केलेल्या इंग्रजी आवृत्तीत प्रेमळ म्हाताऱ्या बाईंना आवाज दिला.

आणि १९९८ साली डिस्नेच्या 'हॅलोवीनटाऊन'मध्ये ती अॅगी क्रॉमवेल झाली. नातवंडांना भेटायला जादूच्या गावाहून बस पकडून येणारी चेटकीण आजी. हा छोटा टीव्ही-सिनेमा अमेरिकेत एका अख्ख्या पिढीला तोंडपाठ आहे. त्यांतल्या पुष्कळांना 'सिंगिंग इन द रेन' माहीत नसतो, पण अॅगी आजी माहीत असते. चित्रीकरण ओरेगन राज्यातल्या सेंट हेलेन्स या कोलंबिया नदीकाठच्या लहानशा गावात झालं होतं. दर ऑक्टोबरात ते गाव आजही हॅलोवीनटाऊन होतं: चौकात भला मोठा भोपळा ठेवतात, दुकानं सजवतात, आणि सिनेमातलं गाव प्रत्यक्ष पाहायला लांबलांबहून मुलं आणि त्यांचे आईबाप येतात.